घरबसल्या मिस्सा



‘फादर, मोबाईलवर मिस्सा पाहिली तर चालते का?’ हा प्रश्न मला चर्चच्या पायऱ्यांवर विचारला जातो, लग्नाच्या मांडवात विचारला जातो, आणि एकदा तर दफनविधी आटोपून परतताना विचारला गेला. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांचे गुडघे आता चर्चपर्यंत साथ देत नाहीत. दुसरे, ज्यांचे गुडघे उत्तम आहेत, पण रविवारची सकाळ जड जाते. शब्द तेच असले तरी प्रश्न दोन आहेत. म्हणून ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ असे एका शब्दात सांगून मोकळे होणे मला बरे वाटत नाही.

पॅरिश कौन्सिलच्या गेल्या बैठकीत हाच विषय दुसऱ्या अंगाने निघाला. रविवारच्या सकाळच्या मिस्सेचे यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण चालू ठेवावे की बंद करावे? एका सभासदाचे म्हणणे पडले, की ते बंद केल्याशिवाय मागचे बाक भरणार नाहीत. त्यावर एका भगिनीने शांतपणे विचारले, ‘मग माझ्या सासूबाईंनी रविवारी काय करायचे?’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. चर्चा रंगली, चहा निवला, वेळ संपली, पण विषय संपला नाही. म्हणून हा लेख.

आधी नियम सांगतो, तो थोडक्यात सांगता येतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे (कॅनन १२४७) रविवारी आणि सक्तीच्या सणांना मिस्सेत सहभागी होणे हे आपले कर्तव्य आहे. पण ख्रिस्तसभेचीच धर्मशिकवण (परिच्छेद २१८१) सांगते, की आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशा गंभीर कारणासाठी या कर्तव्यातून सूट असते. म्हणजे जी आजी अंथरुणाला खिळून आहे, तिच्यावर ते कर्तव्य उरलेलेच नाही. मोबाईलवरच्या मिस्सेने ते ‘फिटते का’ हा प्रश्न तिच्यापुरता उद्भवत नाही. तिने पडल्या पडल्या जपमाळ केली, नातवाकडून त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचून घेतले, पडद्यावर मिस्सा पाहिली, मनोमन ख्रिस्तप्रसादाची इच्छा धरली, तर ते सारे चांगलेच आहे. आणि जो धडधाकट आहे, ज्याला येता येते, त्याचे कर्तव्य पडद्यासमोर बसून फिटत नाही. झाला नियम.

पण नियम सांगून झाल्यावरही आजीचे समाधान होत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ‘तुम्हाला सूट आहे’ असे म्हटले की तिचा चेहरा उजळत नाही, उलट पडतो. कारण तिने सूट मागितलेलीच नसते. तिला विचारायचे असते की, मी अजून तुमच्यातली आहे ना? या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही आणि यूट्यूबवरही नाही. ते आपल्याकडे आहे. तिकडे मी येणारच आहे, पण त्याआधी यंत्राबद्दल थोडे बोलू.

ख्रिस्तसभा नव्या यंत्रांना बिचकते असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, रोमन लिपीत का होईना. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस व्हॅटिकन रेडिओवरून प्रथम बोलले, तेव्हा ते केंद्र उभारणारे मार्कोनी स्वतः तेथे हजर होते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५ सालचे; भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले तेही त्याच वर्षी. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्या कार्लो अक्युटिसला संत म्हणून घोषित केले, तो २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी वारलेला, संगणकात रमणारा मुलगा होता. ख्रिस्तप्रसादासंबंधीच्या चमत्कारांची माहिती त्याने संकेतस्थळावर मांडली. आपली मुले त्याचे चित्र असलेले टी-शर्ट घालतात, चांगले आहे. फक्त त्यांना एवढेही सांगा, की संकेतस्थळ करणारा हा मुलगा स्वतः मात्र रोज मिस्सेला जात असे.

‘ख्रिस्तपुराणा’ची एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. सतराव्या शतकात ते एकाहून अधिक वेळा छापले गेले, पण त्यातली एकही छापील प्रत आज उपलब्ध असल्याचे माहीत नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, घराघरांत आणि मेळाव्यांत मोठ्याने वाचला, आणि त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगलोरला तो पुन्हा छापता आला. छापखाना नसता तर तो इतक्या लोकांपर्यंत पोचला नसता, हे खरे. पण छापखाना गप्प झाल्यावर त्याला सांभाळणारी घरे होती.

आता २०२० सालाकडे वळू. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. झावळ्यांचा रविवार झावळ्यांशिवाय गेला, ईस्टरची मेणबत्ती रिकाम्या चर्चमध्ये पेटली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्या दिवसांत ज्या धर्मगुरूंना मोबाईलवर फोटो धड काढता येत नव्हता, त्यांनीही वेदीसमोर तिपाई उभी केली. घरोघरी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला जाई आणि सारे कुटुंब त्याच्यापुढे उभे राही. शुभवर्तमानाच्या वेळी लोक खरोखरच उठून उभे राहत, हे मला अनेकांनी सांगितले. त्या मिस्सांनी लोकांना धीर दिला. तेव्हा ते केले नसते तर चुकले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु त्याच दिवसांत पोप फ्रान्सिस यांनी एक इशारा दिला होता. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहून त्यांनी साऱ्या जगासाठी प्रार्थना केली. पडद्यावरून सर्वांत दूरवर पोचलेला पोप असे त्यांना म्हणता येईल. तरी १७ एप्रिलच्या सकाळच्या मिस्सेत, जी स्वतःच प्रक्षेपित होत होती, ते म्हणाले की लोकांवाचून आणि संस्कारांवाचून देवाशी जपलेली जवळीक धोक्याची असते. आपण बोगद्यात आहोत, ते त्यातून बाहेर पडण्यासाठी. आणि इटलीत १८ मे रोजी लोकांसह मिस्सा पुन्हा सुरू होताच त्यांच्या रोजच्या मिस्सेचे प्रक्षेपण थांबवण्यात आले. आपल्याकडे बोगदा संपला तरी काही जण आत चटई टाकून बसले आहेत, असे म्हटले तर रागावू नका.

मूळ प्रश्न असा आहे: शब्द लहरींवरून जातो, आवाज जातो, चेहरा जातो, मग संस्कार का जाऊ नये? २००२ साली व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम परिषदेने ख्रिस्तसभा आणि इंटरनेट या विषयावरील दस्तऐवजात निःसंदिग्धपणे सांगितले, की इंटरनेटवर संस्कार नाहीत. पण का नाहीत, हे विचारण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे.

ख्रिस्तप्रसादाचे समजायला सोपे आहे. भाकर पडद्यातून बाहेर येत नाही. तैलाभ्यंगाचेही तसेच, तेल कपाळाला लागायला हवे. पण प्रायश्चित्त संस्कारात तर सारे शब्दच असतात. मी पाप सांगतो, धर्मगुरू क्षमेचे शब्द उच्चारतात. फोनवर काय अडले? एका अभियंत्याने मला हे विचारले होते आणि प्रश्न बिनतोड होता. गंमत अशी, की तो नवा नाही. पत्राने किंवा निरोप्याकरवी दूरच्या धर्मगुरूकडे पापनिवेदन करून त्याच्याकडून तशीच पापक्षमा घेता येते, हे मत पोप आठवे क्लेमेंट यांच्या काळात, १६०२ साली, ख्रिस्तसभेने नाकारले. तेव्हाचे दूरसंपर्काचे साधन म्हणजे पत्र. साधन बदलले, उत्तर बदलले नाही. माणूस स्वतः चालत येतो, गुडघे टेकतो, समोरच्या माणसाला तोंडाने सांगतो, हे येणे म्हणजे संस्काराच्या बाहेरचा प्रवासखर्च नव्हे. येणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे. उधळ्या पुत्राने बापाला निरोप धाडला नाही. तो उठला आणि निघाला.

(यंत्राला धर्मगुरू केले तर काय होते तेही आपण पाहिले. अमेरिकेतील ‘कॅथोलिक आन्सर्स’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये प्रश्नांची उत्तरे देणारा एक संगणकीय ‘फादर जस्टिन’ तयार केला. तो लोकांची पापे ऐकून क्षमा देऊ लागल्याच्या तक्रारी आल्या. काही दिवसांतच संस्थेने त्याची ‘फादर’ ही पदवी काढून घेतली. सेमिनरीत मला तेथवर पोचायला बरीच वर्षे लागली होती, त्याची पदवी मात्र आठवड्याच्या आत आली आणि गेली.)

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो थेट शुभवर्तमानातून येतो. कफर्णहूमचा शताधिपती प्रभूला म्हणाला, की आपण माझ्या घरी यावे अशी माझी योग्यता नाही, आपण फक्त शब्द बोला. प्रभू गेला नाही, फक्त बोलला, आणि दूर घरी निजलेला चाकर बरा झाला. त्या परराष्ट्रीय अधिकाऱ्याचे शब्द आपण प्रत्येक मिस्सेत ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी उच्चारतो. मग प्रभूला जर अंतराची अडचण नाही, तर आम्हाला का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचा जो विचार मला सर्वांत उपयोगी वाटला, तो येथे कामी येतो. देवाने आपले सामर्थ्य संस्कारांना बांधून टाकलेले नाही, असे ते म्हणतात. तो संस्काराविनाही कृपा देऊ शकतो. संस्कार आहेत ते माणसासाठी, कारण माणूस शरीराचा आहे आणि दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूंतून तो न दिसणाऱ्याकडे जातो. म्हणजे अडचण देवाच्या बाजूला नाही, आपल्या बाजूला आहे. आणि ती खरे तर अडचण नाही, आपली घडणच तशी आहे. प्रभूला हे ठाऊक होते. दुरून बरे करता येत असूनही त्याने कुष्ठरोग्याला हात लावला, याईराच्या मुलीचा हात धरला, बहिऱ्याच्या कानात बोटे घातली. शताधिपतीची गोष्ट एखाददुसरीच आहे. बाकी शुभवर्तमान हातांनी भरलेले आहे.

संत योहानाचे दुसरे पत्र बायबलमधल्या सर्वांत छोट्या पत्रांपैकी एक. त्याच्या शेवटी योहान म्हणतो, की लिहायचे पुष्कळ आहे, पण कागद आणि शाई वापरायची इच्छा नाही; तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलेन म्हणतो, म्हणजे आपला आनंद पुरा होईल. तिसऱ्या पत्रातही तो हेच लिहितो. म्हणजे पत्र लिहूनच तो पत्र अपुरे असल्याचे सांगतो. त्याने पत्र लिहिणे सोडले नाही. पण पत्र धाडले म्हणजे आपले येणे टळले, असेही त्याने मानले नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हे सारे लिहितो आहे त्याकडे येतो. आपल्या चर्चमधला कॅमेरा गायनवृंदाच्या माडीवर बसवला आहे. तो वेदीकडे पाहतो. वेदी, वाचनपीठ, धर्मगुरू एवढे त्याला दिसते. बाक दिसत नाहीत. मिस्सा संपली की चित्राखाली किती जणांनी पाहिले त्याचा आकडा येतो. त्या आकड्यात कोण आहे, कोण नाही, कोणी पूर्ण पाहिली, कोणाचा फोन पाच मिनिटे नुसताच चालू होता, हे मला कळत नाही. उलट दर रविवारी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारे काका दोन रविवार दिसले नाहीत, तर शेजारच्या बाकावरची बाई सॅक्रिस्टीत येऊन विचारते, ‘काका आजारी आहेत काय?’ त्यांची जागा रिकामी दिसली म्हणून तिला कळले. जेथे शरीराने हजर राहता येते तेथेच गैरहजेरीही दिसते. पडद्यावर कोणी गैरहजर असूच शकत नाही, कारण तेथे कोणाची जागाच नसते.

धडधाकट माणसाला मी घरून मिस्सा पाहू नको म्हणतो ते याचसाठी. कर्तव्य फिटत नाही हे तर आहेच. तुम्ही घरी राहिलात तर तुम्हाला वेदी दिसेल, पण तुम्ही कोणाला दिसणार नाही. तुमच्या शेजारी त्या दिवशी जो बसणार होता, ज्याच्या घरी काल काही घडले आहे, ज्याला शांतीचा हात पुढे करणारे कोणी हवे होते, त्याच्या शेजारची जागा रिकामी राहील. आपण मिस्सेला ‘मला काय मिळाले’ या हिशेबाने जातो. घरी चित्र स्वच्छ दिसते, आवाज नीट येतो, पंखा आपल्याकडे असतो. शिवाय रेकॉर्डिंग असेल तर प्रवचन पुढे ढकलता येते. (काही जण दीडपट वेगाने मिस्सा पाहतात असे युवकांकडून समजले. माझे प्रवचन त्या वेगात अधिक बरे वाटते, असेही समजले.) मिळण्याच्या हिशेबात घर जिंकेल. पण दुसऱ्याचे रडणारे बाळ, पुढच्या बाकावरचा खोकला, न जमणारा आवाज लावून गाणारे आजोबा, यांना बंद करण्याचे बटण चर्चमध्ये नसते. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा सांभाळायची तर आधी शेजारी असावा लागतो.

आखाती देशांत आणि कॅनडात असलेली आपली मुले हा प्रकार वेगळा आहे. ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना म्हटले आहे, की अंतरामुळे मैत्री मोडत नाही, फक्त मैत्रीचे वागणे थांबते. मात्र अंतर फार काळ राहिले तर माणसे मैत्रीही विसरतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही अचूक आहे. वडिलांचा दफनविधी कुवेतमधून फोनवर पाहणारा मुलगा आळशी नाही. रजा नाही, तिकीट नाही, आणि दफन उद्यापर्यंत थांबत नाही. त्याने मूठभर माती टाकली नाही, पण चुलतभावाने टाकलेली पाहिली. ते पुरेसे नाही हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही, आणि तरीही ते काहीच नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तो रजेवर येतो तेव्हा आधी कबरीवर जातो. पडद्याने त्याची येण्याची ओढ शमवली नाही, जागी ठेवली. हेच साधन एकाची ओढ जागी ठेवते आणि दुसऱ्याची झोपवते. साधन चांगले की वाईट, असे एकदाच ठरवून टाकता येत नाही ते यामुळे.

पुन्हा आजीकडे येऊ. तिच्या बाबतीत आपण सारे उलट बाजूने विचार करतो, असे मला वाटते. आपण विचारतो, तिने पडद्यावर पाहिलेली मिस्सा चालते का? विचारायला हवे, की तिला लिंक पाठवून आपले चालते का?

संत जस्टिन यांनी इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये, परधर्मी सम्राटाला समजावे म्हणून, ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात याचे वर्णन लिहून ठेवले आहे. गावातले आणि रानातले लोक एका जागी जमतात, वाचने होतात, प्रवचन होते, भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, आभारप्रार्थना होते, सर्वांना वाटणी होते. आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे तो वाटा डीकन घेऊन जातात. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी, छळाच्या काळात, जमणेच जिवावर बेतणारे असताना, जे आले नाहीत त्यांची आठवण मिस्सेच्या वर्णनातच आहे. मागाहून जोडलेली समाजसेवा म्हणून ती येत नाही. त्या वेळचे थेट प्रक्षेपण पायी चालत जाई.

संत क्लेअरची गोष्ट तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेल. असिसीची ही संन्यासिनी वर्षानुवर्षे आजारी होती. १२५२ सालच्या नाताळच्या रात्री सर्व भगिनी प्रार्थनेला गेल्या आणि ती अंथरुणावर एकटी राहिली. तेव्हा दूरच्या सेंट फ्रान्सिस चर्चमधली उपासना तिला जणू तेथेच चालू असल्यासारखी अनुभवाला आली, असे सांगतात. १९५८ साली पोप बारावे पायस यांनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत ठरवले ते याच प्रसंगावरून. लोक हसतात, पण मला ही निवड फार मार्मिक वाटते. परत आलेल्या भगिनींना तिने काय पाहिले ते सांगितले, म्हणून आपल्याला ते कळले. तिच्या खाटेपाशी कोणी परत येणारे होते! आपल्या धर्मग्रामात अशा किती खाटा आहेत, ज्यांच्यावर रविवारी वेदीचे चित्र पोचते, आणि मग संध्याकाळपर्यंत काय पाहिलेत असे विचारायला कोणी येत नाही?

टाळेबंदीपूर्वी आपल्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन घरोघरी जाणारे सेवक अकरा होते. आता सहा आहेत. कोणी वयाने थांबले, कोणी घर बदलले, त्यांना दोष नाही. पण नव्यांना विचारले की उत्तर येते, ‘आता सगळ्यांकडे लिंक जाते ना, फादर?’ मला भीती वाटते ती या वाक्याची. मागचे बाक रिकामे आहेत म्हणून कॅमेऱ्यावर राग काढणारे बंधू आणि लिंक गेली म्हणून निश्चिंत झालेले बंधू, दोघेही माझ्या मते एकाच चुकीत आहेत. आपण जे करायचे ते यंत्राने केले किंवा बिघडवले, असे दोघे धरून चालतात.

जाता जाता व्हॉट्सअ‍ॅप गटाविषयी. मिस्सेच्या वेळा, मृत्यूच्या वार्ता, धर्मशिक्षण वर्गाच्या सूचना यांसाठी तो फार उपयोगी आहे. पण प्रार्थना मागताना रुग्णाच्या आजाराचे नाव, रिपोर्टचा फोटो, इस्पितळातला नळ्या लावलेला चेहरा गटावर टाकू नका. त्या माणसाची संमती कोणी घेतलेली नसते. ‘अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा’ एवढे देवाला पुरते. बाकीचे आपल्या उत्सुकतेसाठी असते. तसेच ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, नाहीतर…’ असले काही आले तर ते तेथेच पुसून टाका. ती आपली श्रद्धा नव्हे.

सर्व बाजूंनी विचार करून आणि कौन्सिलच्या सभासदांशी पुन्हा बोलून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. रविवारच्या सकाळच्या मिस्सेचे थेट प्रक्षेपण चालू राहील. रेकॉर्डिंग मात्र मिस्सा संपताच काढून टाकले जाईल. थेट पाहणारा निदान आपल्याबरोबर त्याच वेळी प्रार्थना करतो. वेळ तरी एक असते. सोयीने, हवी तेव्हा, हवी तेवढी पाहिलेली मिस्सा ही माझ्या मते केवळ चित्रफीत आहे. दफनविधीचे रेकॉर्डिंग कुटुंबाने मागितल्यास त्यांना दिले जाईल, ते सर्वांसाठी ठेवले जाणार नाही.

ज्या घरात कोणी चर्चला येऊ शकत नाही, त्या घरच्यांनी ते नाव सॅक्रिस्टीतल्या वहीत लिहावे. घरचे कोणी नसेल तर शेजाऱ्यांनी लिहावे. आतापर्यंत ख्रिस्तप्रसाद पहिल्या शुक्रवारी घरी नेला जाई, तो तसा नेला जाईलच. त्याशिवाय येत्या महिन्यापासून रविवारच्या सकाळच्या मिस्सेच्या अखेरीस, समाप्तीच्या आशीर्वादापूर्वी, सेवक वेदीवरून ख्रिस्तप्रसादाची डबी घेतील आणि सर्वांसमोर दारातून बाहेर पडून त्या घरांकडे जातील. कॅमेरा तेव्हा चालूच असेल. म्हणजे घरी पाहणाऱ्याला दिसेल, की ते निघाले आहेत.

सहा जणांना हे झेपणार नाही. वही आताच अर्धे पान भरली आहे आणि त्यातली काही घरे पार खाडीच्या बाजूला आहेत. आणखी आठ-दहा जण हवे आहेत. स्त्रिया, पुरुष, दोन्ही. प्रशिक्षण दोन शनिवार संध्याकाळचे आहे, आणि बिशपांची परवानगी आपण येथून मागवू. ज्यांच्याकडे दुचाकी आहे त्यांनी ते नावापुढे लिहावे, म्हणजे लांबची घरे त्यांना देता येतील.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू